आडव्या खुर्चीतली मावशी

नन्नामावशीचं अपेंडिक्स अजून तिच्या पोटातच आहे, अशी गल्लीत वदंता आहे. ऑपरेशनच्या टेबलावर डॉक्टरांनी "सुरू करू या ना?" असं विचारलं, तर ती नाही म्हणाली. भूल दिली, तरी झोपेत नाही-नाही चालूच. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले आणि म्हणाले, या बाईच्या पोटातून काही काढायचं म्हणजे आधी तिला पटवावं लागेल. कोपऱ्यावरचा न्हावी ही गोष्ट सांगताना वस्तरा हवेत धरून डॉक्टरांचा आवाज काढतो. फार वाईट काढतो. त्याचे सगळे डॉक्टर सर्दी झालेले असतात.

खरं एवढंच आहे की अपेंडिक्स गेलं, कधीच गेलं. आत नेण्याआधी नर्सने कागद बघून विचारलं होतं, गुडघाच ना? मावशी म्हणाली, नाही. नर्सने कागद जरा लांब धरून पुन्हा विचारलं, डावाच ना? मावशी म्हणाली, डावा नाही, उजवाही नाही, गुडघाच नाही. पलीकडच्या खाटेवर एक बाई होती, गुडघा तिचा होता. पण ती इतकी घाबरलेली की कुणी काहीही विचारलं तरी हो म्हणायची. पोटाचंच ना? हो. मावशीने मग तिच्या वतीनेही एक नाही म्हणून टाकलं. त्या दिवशी ज्याचं बिघडलं होतं त्याचंच दुरुस्त झालं, ते त्या नाहींमुळे. गल्लीला मात्र इतकं साधं सांगितलेलं पचत नाही.

नाव ऐकून लोकांना वाटतं, घरी ही बाई नवऱ्याचं जिणं हराम करत असेल. उलट आहे. घरी ती कशालाच नाही म्हणत नाही. नवऱ्याने बाहेरच्या खोलीला वांगी रंगाचे पडदे आणले, ती म्हणाली, छान आहेत. भाची, म्हणजे प्रस्तुत लेखिका, सुट्टीत राहायला आली ती मावशीची नक्कल करत घरभर फिरू लागली आणि परत जायचं नाव काढेना, तर म्हणाली, राहू दे. इस्पितळातला तो दिवस सोडला, तर तिचं नाही एकाच जागेसाठी राखलेलं असतं. लाँड्रीच्या सभेसाठी, आणि तिथेही एका खुर्चीपुरता.

लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. चाळीसेक सभासदांची सहकारी संस्था. इस्पितळांच्या, हॉटेलांच्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल तिथे गाड्या भरभरून येतात. पुढे धुलाईची यंत्रं, मधे वाळवणीची बिनखिडक्यांची खोली, आणि मागे लांबलचक गरम रोलर. ओलसर चादर एका बाजूने आत जाते, कडक होऊन दुसऱ्या बाजूने बाहेर येते. बाहेर आलेली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, ताणायची, घडी घालायची. एका टोकाला मावशी. दुसऱ्या टोकाला तिची जोडीदारीण, जिला सगळे गुपचूप म्हणतात. तिला बोलता येतं. ती शब्द वाया घालवत नाही, इतकंच.

संस्था नवी होती तेव्हा कुणीतरी सुचवलं की चादरी जास्त पांढऱ्या दिसाव्यात म्हणून नीळ तिप्पट घालू या. काहींना कल्पना आवडली. बाकीच्यांना वाटलं, सगळ्यांना आवडलेली दिसते, आपण कशाला तोंड उघडा. चादरी निळ्याशार झाल्या. इस्पितळात त्या पांघरून पडलेले रोगी असे निळे दिसू लागले की एका शिकाऊ डॉक्टरने वॉर्डभर प्राणवायूच्या नळ्या लावल्या. काम हातचं गेलं, ते परत मिळवता मिळवता नाकी नऊ आले. तेव्हा जुन्या मंडळींनी नियम केला. दर सभेत एक खुर्ची दाराशेजारी, सगळ्यांकडे तोंड करून, आडवी मांडायची. तिच्यात जो बसेल त्याने समोर येईल त्या ठरावात खोट काढायची, मग तो ठराव त्याला स्वतःला पटलेला का असेना. मंजूर झालेला ठराव फिरवायचा असला तरी त्याच्याविरुद्ध याच खुर्चीतून बोलायचं.

बसायची पाळी खरं तर सगळ्यांची होती. पण पाळी आली की कुणाची दाढ दुखायची, कुणाच्या बहिणीची नणंद नेमकी त्याच दिवशी बाळंत व्हायची. मावशी एकदा कुणाच्या तरी बदली बसली आणि मग बसतच राहिली. लोकांना ती वाघीण वाटते. प्रत्यक्षात त्या खुर्चीत तिचे गुडघे एकमेकांवर आपटतात. म्हणून ती हात खाली घालून बैठकीची फळी घट्ट धरते आणि मगच नन्नाचा पाढा सुरू करते. नवं वाळवणी यंत्र घ्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यांत जास्त ते तिलाच हवं होतं. तरी तिने विचारलं, बिघडलं तर कुणी बघायचं? विक्रेत्याने हे ऐकलं आणि मुकाट्याने दुरुस्तीची हमी लिहून दिली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, बरं झालं, मंजूर झालं.

अध्यक्षांना सगळे दादा म्हणतात. मावशीने त्यांना दरवर्षी मत दिलेलं आहे. माणूस कर्तबगार, इस्पितळाचं गेलेलं काम त्यांनीच परत आणलं. दादा बोलतात बेंबीपासून. आवाज आधी पोटात घोळतो, मग छातीत थोडा थांबतो आणि तोंडातून बाहेर पडतो तेव्हा इस्त्री होऊनच येतो. "आपण एक कुटुंब आहोत, बरोबर?" त्या बरोबरनंतर ते थांबतात. तो प्रश्न नसतो. टाळ्यांसाठी सोडलेली जागा असते.

लोकांनी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि ते वरून दिसणाऱ्या देखाव्यात रमले. आधी भिंतीवर त्यांची वचनं रंगवून झाली. रोलरच्या वर 'मन स्वच्छ, तर चादर स्वच्छ – दादा'. संडासाच्या दारावर 'वेळ अमूल्य आहे – दादा'. मग एक दिवस मधली सुट्टी आखूड झाली. बॉयलरवाल्याने, सभेत नव्हे, दारात उभं राहून, का असं विचारलं. दादांनी त्याच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला डागांच्या टेबलावर बसवलं. जन्मभर वाफेशी गप्पा मारलेला माणूस आता अभ्र्यांवरचे तेलाचे डाग चोळू लागला. खांद्यावरचा तो हात सगळ्यांनी पाहिला होता. तेव्हापासून लाँड्रीतले सगळेच खांदे जरा आत ओढून चालू लागले.

आणि मग सभेचे विषय फळ्यावर लागले. शेवटचा विषय असा होता: आडवी खुर्ची कायमची काढून टाकावी, दरवर्षीची निवडणूक बंद करावी, कुणाला कुठल्या कामावर ठेवायचं आणि कुणाला विश्रांती द्यायची ते एकट्या अध्यक्षांनी ठरवावं, आणि दादा थकेपर्यंत दादांनीच अध्यक्ष राहावं. दादा थकणाऱ्यांतले नव्हते. विश्रांती आधी कुणाला मिळणार, हे रोलरलासुद्धा माहीत होतं. मावशीला दुसरं काम येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नकोही होतं.

खुर्ची बोलायचा हक्क देते, मतं देत नाही. मावशी मतं गोळा करायला निघाली. बॉयलरवाला बॉयलरकडे बघत म्हणाला की त्याला आता डागांची सवय झाली आहे. इस्त्रीवरची आजी म्हणाली, मी नाही म्हणेन की, पण मनातल्या मनात. कारकून म्हणाला, त्याचं काम जे मंजूर होईल ते लिहिणं, त्याला मत नसतं, शाई असते. उरली गुपचूप. चादर ताणता ताणता मावशीने तिला विचारलं, बोलशील का माझ्या बाजूने?

"मला नको गोवूस," गुपचूप म्हणाली.

मावशीने हातातलं टोक सोडून दिलं. कडक चादर सळसळत गुपचूपच्या पायाशी कोसळली.

"घाल आता घडी. एकटी घाल."

गुपचूपने चादरीकडे पाहिलं, मग मावशीकडे. "तू पाडलीस. आता परत धुवायला तूच ने," एवढं बोलून ती पुढची चादर घ्यायला वळली. मावशीने चादर उचलली आणि नेली. मोठ्या माणसांची भाषणं अशा वेळी रंगतात. तिचं फक्त काम वाढलं.

सभेच्या आदल्या दिवशी दादा स्वतः रोलरपाशी आले. मावशींसारख्या जुन्या माणसाचा मान राखायला हवा, बरोबर? तेव्हा या वेळी ठराव मावशींनीच वाचावेत, सगळे, शेवटचासुद्धा. खोट काढायची तसदी नको, खुर्चीच्या निरोपाचा दिवस आहे, गोडीगुलाबीने होऊ दे. फोटोग्राफर बोलावला आहे. मावशी म्हणाली, हो.

नन्नामावशी लाँड्रीत हो म्हणाली, ही बातमी वाफेपेक्षा वेगाने पसरली. गुपचूपने त्या दिवशी घड्या घालताना तिच्याकडे एकदाही वर पाहिलं नाही.

सभा रोलरच्या दालनात भरली. घरची माणसंही बोलावली होती, त्यामुळे मावशीचा नवरा, म्हणजे काका, आणि भाची मागच्या बाकावर. दाराशेजारी आडवी खुर्ची, तिच्यात मावशी, हातात विषयांचा कागद. या वेळी फळी धरायला हात मोकळे नव्हते, आणि गुडघ्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत येत होता.

आता लाँड्रीतलं 'मंजूर' कसं असतं ते सांगायला हवं. पुढच्या बाकावरचा गाडीवाला ते शिंकल्यासारखं म्हणतो, म्जूर. इस्त्रीवरची आजी झोपेतून दचकून म्हणते, तिचं नेहमी अर्ध्या श्वासाने मागे पडतं. यंत्रांवरचे दोघे भाऊ एकाच सुरात, नाकातून. आणि या सगळ्यांखाली दादांचा स्वतःचा खर्ज, तंबोऱ्यासारखा. मावशीने साबणाचा पहिला ठराव वाचला, मंजूर. गाडीच्या दुरुस्तीचा वाचला, शेवटच्या शब्दाआधीच मंजूर. तिसरा होता डागांच्या टेबलासाठी नवा दिवा घेण्याचा. ती "डागांच्या" इथवर आली होती, तोच मंजूर.

ती थांबली. घोटभर पाणी प्यायली. काही योजून वगैरे आली नव्हती, हे ती आजही शपथेवर सांगते. तिला मोह झाला.

अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचा एक विषय घेते, ती म्हणाली. दादा फोटोग्राफरला आपली उजवी बाजू चांगली येते हे समजावत होते. त्यांनी मान डोलावली.

"उद्यापासून चादरी पाण्याशिवाय धुवाव्यात."

मंजूर.

"आणि पाणी चादरींशिवाय धुवावं."

मंजूर. गुपचूपने रुमालाचा बोळा करून तोंडात कोंबला. बाकी कुणाचीही पापणी हलली नाही.

"सर्व सभासद आपापले कान घरी ठेवून आले, याबद्दल त्यांचं अभिनंदन करावं."

मंजूर, आणि वर टाळ्या. मावशीच्या लक्षात आलं की तिचे गुडघे वाजायचे थांबले आहेत. मग ती अगदी सावकाश, एकेक शब्द वेगळा करून म्हणाली, "दादांना आजपासून अध्यक्षपदावरून मोकळं करावं आणि डागांच्या टेबलावर बसवावं."

मंजूर. गाडीवाला शिंकला, भाऊ नाकातून गायले, आजी मागून आली. सगळ्यांत खणखणीत मंजूर दादांचं होतं, हात उंच करून, कारण फोटोग्राफरने नेमकं तेव्हाच हात वर करा म्हटलं होतं.

कारकुनाने लिहिता लिहिता मान वर केली. "डागांच्या टेबलावर आजपासून की सोमवारपासून?"

"कोण?" दादांनी विचारलं.

"आपण."

 मग बॉयलरवाला हसला. तो हसला की आधी सूं करून वाफ सुटते आणि हसू मागून येतं. दादाही हसले, पोटातून, पण ते हसू छातीतच अडकलं. मावशींनी गंमत केली, म्हणाले, रद्द करा ते. कारकुनाने सांगितलं की ठराव एकमताने मंजूर झाला आहे, आपल्या मतासकट. फिरवायचा तर आडव्या खुर्चीतून कुणीतरी त्याच्याविरुद्ध बोलायला हवं.

दादांनी एकेकाकडे पाहिलं. गाडीवाला बुटाच्या नाडीत गुंतला. दोघे भाऊ एकमेकांकडे बघू लागले. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. नाही म्हणायला सगळे तयार होते, पण प्रत्येक जण दुसऱ्याने आधी म्हणायची वाट बघत होता. वर्षभर दादांनी सगळ्यांना एकच शब्द शिकवला होता, आणि आज त्यांना नेमका दुसरा हवा होता.

मावशी उठली. ॲप्रनच्या टोकाने तिने खुर्ची पुसली.

"या दादा, बसा. गुडघे वाजायला लागले तर खालची फळी धरा. मी तशीच धरते."

दादा बसले. मंचावरून त्यांना इतकी वर्षं डोकी दिसली होती. इथून चेहरे दिसले, समोरासमोर, आणि सगळे त्यांच्याकडेच बघणारे. त्यांचा हात हळूच खाली गेला. बोलायला लागले तेव्हा आवाजाची इस्त्री पार उतरली होती. मी नको असेन तर तसं सांगा, ते म्हणाले, पण निदान ऐकून सांगा. माझं काय करायचं ते ठरलं, आणि एकानेही ऐकलं नाही.

"माझ्या वेळीही कुणी ऐकलं नव्हतं," बॉयलरवाला जागेवरूनच म्हणाला. आवाज न चढवता.

 दादांनी वाक्य बरोबरने संपवलं नाही, असं ते पहिल्यांदाच घडत होतं.

हात मोजून मत घेतलं. दादा अध्यक्ष राहिले, आणि त्यांच्या बाजूने सगळ्यांत आधी वर गेला तो मावशीचा हात. चादरी पाण्यानेच धुवायचं ठरलं. कानांबद्दलच्या अभिनंदनाला कुणी हात लावला नाही, ते अजून कागदोपत्री कायम आहे.

पण कारकून म्हणाला, फळ्यावरचा शेवटचा विषय राहिलाय. मावशीने तो उभ्यानेच वाचला, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मधे कुणी मंजूर म्हटलं नाही. सगळे आडव्या खुर्चीकडे बघत होते. तिच्यात अजून दादाच होते, आणि त्या खुर्चीत बसेल त्याने खोट काढायलाच हवी होती.

 दादा आधी थोडे चाचपडले, मग मात्र त्यांना सूर सापडला. त्या ठरावात कुठे काय दडवलंय ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? "दादा थकेपर्यंत, असं यात म्हटलंय," ते म्हणाले. "पण दादा थकले, हे ठरवणार कोण? दादाच? थकलेल्या माणसाला आपण थकलोय हे कधी कळलंय का?"

"नाही," असा एक आवाज आला. बरेच दिवस न उघडलेल्या दारासारखा करकरत. तो गुपचूपचा होता. मग बॉयलरवाल्याचा, मग आजीचा, या वेळी मोठ्याने आणि वेळेवर. ठराव पडला.

त्यानंतर दादा सुधारले, असं काही नाही. आठवडाभर ते मावशीशी बोलले नाहीत. बरोबर अजून म्हणतात. फक्त मधेच कुणीतरी नाही म्हणतं, आणि मग नाकावर माशी बसलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा होतो. पण माशी हाकलायची सोय नियमात नाही. बॉयलरवाला बॉयलरवर परत गेला. आडव्या खुर्चीशेजारी आता स्टुलं लागतात, कारण बसायला बरेच जण येतात. त्यांतल्या काहींना खोट काढायचा नाद इतका लागलाय की चहात साखर किती, यावरही सभा लांबते. काका म्हणतात, एक हुकूमशहा परवडला. मावशी त्यांनाही नाही म्हणत नाही. नुसती त्यांच्याकडे बघते, आणि काका उठून आपला चहा आपण करतात.

पुढच्या सभेत मावशीने आयुष्यातला पहिला ठराव मांडायचं ठरवलं. वाळवणीच्या खोलीला मागच्या भिंतीत खिडकी पाडायची. त्या खोलीत लोकांना घेरी येते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भाची म्हणाली, हा ठराव डोळे मिटून मंजूर होणार. मावशी म्हणाली, पडणार. स्वतःच्याच ठरावाविरुद्ध पैज लावणारी बाई भाचीने आधी पाहिली नव्हती, म्हणून तिने आनंदाने हात पुढे केला. तू त्यांच्यासाठी एवढं केलंस, आता तुझ्याविरुद्ध बोलणार कोण, असंही विचारलं.

"मी इतकी वर्षं नाही म्हटलं, ते काय जन्मभर एकटीनेच म्हणत बसायला?" मावशी म्हणाली.

सभेत गुपचूप आडव्या खुर्चीत बसली. खिडकी हवी, म्हणाली, पण त्या भिंतीत नको. त्या बाजूला बॉयलरचं धुराडं आहे, काजळी थेट ओल्या चादरींवर येऊन बसेल.  ठराव आपटला, मावशीचं स्वतःचं मतही विरोधात. घरी आली ती निवडणूक जिंकल्यासारखी. चपला काढायच्या आधी तिने भाचीपुढे हात पसरला.

हरणाऱ्याने महिनाभर जिंकणाऱ्याची नक्कल करायची नाही, असं पैजेत ठरलं होतं. आवाज नाही, चाल नाही, खुर्चीची फळी धरणंसुद्धा नाही. लिहिण्याबद्दल बोलणं झालं नव्हतं.